विनी कर्शॉने मान हलवली

क्लफ कापडगिरणी चालू होती तोवर विनी कर्शॉला बहिरी म्हणायचं कोणाला सुचलं नाही. होती ती बहिरीच, पाळण्यात होती तेव्हापासून. पण मागखात्यात सगळ्याच बायका बहिऱ्या. मागांचा खडखडाट असा, की शेजारीण कानाशी येऊन ओरडली तरी कळायचं नाही. म्हणून मँचेस्टरजवळच्या ऑल्डनशॉच्या बायका ओठांनी बोलायच्या. तोंड ऐसपैस उघडायचं, एकेक शब्द दातांवर घोळवायचा, भुवया उडवायच्या, आणि विषय नाजूक असला तर नुसतं पोटावर बोट ठेवायचं. विनीला हे सगळं चार मागांपलीकडून दिसायचं. नव्याने लागलेल्या पोरी तिलाच विचारायच्या, "विनी, ती टोकाची मुकादमीण माझ्याबद्दल काही म्हणाली का गं?"

"तुझ्याबद्दल नाही, तुझ्या स्कर्टबद्दल म्हणाली. तिच्या न्हाणीघराचा पडदा हरवलाय, तो हाच का म्हणून विचारत होती."

पुढे गिरणी बंद पडली आणि विनी एका शुक्रवारी घरी आली ती बहिरी होऊनच. टपालकचेरीतल्या, बसमधल्या, दवाखान्यातल्या माणसांना तोंड उघडून बोलायची सवय नव्हती. मग तिला बोलायला एकच जागा उरली. संत जखऱ्याचं चर्च.

बायबलातल्या जखऱ्याची वाचा गेली होती आणि लोक त्याला खुणा करून विचारत होते, तेवढ्या नात्यावर ऑल्डनशॉच्या बहिऱ्यांनी आपल्या देवळाला त्याचं नाव दिलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली गोष्ट. विनीच्या नवऱ्याचा, जोचा आजा अब्राहम कर्शॉ चांभारकाम करायचा. त्याने, एका बहिऱ्या शिंप्याने आणि दोघा सुतारांनी मिळून ते उभं केलं. चौघांनाही ऐकू यायचं नाही, त्यामुळे चर्च कसं असावं हे त्यांना कोणी सांगू शकलं नाही, असं जो हसून सांगायचा. आत एकही खांब नाही; खांबाआड बसलेला माणूस म्हणजे गावाबाहेर बसलेला माणूस. जमीन पाठीमागून पुढे उतरती. तीही लाकडी, आणि खाली पोकळी ठेवलेली. वेदीजवळ कोणी पाय आपटला की शेवटच्या बाकावरच्या म्हातारीच्या तळव्याला कळायचं आणि ती मान वर करायची. प्रवचनपीठं दोन, एक तोंडाने बोलणाऱ्याचं आणि एक हातांनी बोलणाऱ्याचं. हातांचं जास्त उंच. त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीत उंच खिडक्या, साध्या काचेच्या, म्हणजे सगळा उजेड हातांवर पडावा.

त्या काचांचीही एक गोष्ट होती. एका गिरणीमालकाच्या विधवेने नवऱ्याच्या स्मरणार्थ रंगीत काच द्यायची इच्छा दाखवली. देवदूत, कोकरू, खाली नवऱ्याचं नाव, असं सगळं. अब्राहमने पाटीवर लिहून बाईंपुढे धरलं, "बाईसाहेब, तुमच्या यजमानांना आम्ही हयातभर बघितलं. आता आम्हाला एकमेकांना बघू द्या." बाई रागावून गेल्या, आणि काच साधीच राहिली.

रविवारी प्रभूची प्रार्थना सगळे मिळून हातांनी म्हणायचे. ऐकणाऱ्या माणसाला त्या वेळी फक्त बाह्यांची सळसळ ऐकू येते, असं विनीची ऐकू येणारी मुलगी डॉरीन सांगायची. उपासना संपली की तळघरात चहा आणि पार्किनचे, म्हणजे आल्याच्या केकचे तुकडे, आणि मग गप्पा. आठवडाभर हात खिशात ठेवून वावरलेली माणसं ती. शिंपीण, मिठाईच्या कारखान्यातली मुलगी, खाणीतला म्हातारा. सगळ्यांना एकदम बोलायचं असायचं. शेवटी राखणदार दिवे घालवायचा, लावायचा, पुन्हा घालवायचा, तेव्हा कुठे लोक कोटाला हात घालायचे. रस्त्यावरच्या दिव्याखाली जाऊन पुन्हा उभे राहायचे ते वेगळंच.

ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्टच्या मिरवणुकीत संत जखऱ्याची माणसं बॅन्डच्या लगेच मागे चालायची. सूर कोणता ते त्यांना ठाऊक नसायचं, पण मोठ्या ढोलवाल्याचं कोपर बघत ती पाऊल इतकं नेमकं टाकायची, की ऐकणारी चर्चं मागे लटकत यायची. विनीचा तो दिवस म्हणजे सण. जोचे बूट तिच्या तोंडासारखे चमकायचे, असं नेली डकवर्थ म्हणायची. नेली ही विनीची शाळेपासूनची मैत्रीण, शिवणकाम करणारी, हातांची फटकळ.

या सगळ्यांत विनीचा मान होता. ती तोंड वाचते, हा तिचा लौकिक. गॅस कंपनीचा माणूस आला, भाडं मागायला कोणी आलं, कोणाच्या पोराच्या शाळेतून मास्तर आला, की विनीला बोलवायचं. ती पहिल्या बाकावर बसायची आणि मागचे चाळीसजण तिच्या पाठीकडे बघत बसायचे.

पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी होती, विनीतही होती. ऐकणाऱ्या माणसापुढे मान हलवायची. ही सवय शाळेतली. तिथे हात पाठीमागे बांधून बसायचं आणि बाईंच्या तोंडाकडे बघायचं. कळलं नाही म्हटलं तर बाई तेच वाक्य तोंड आणखी वेडंवाकडं करून पुन्हा म्हणायच्या. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा लाल व्हायचा. आणि मान हलवली, की बाई हसायच्या आणि पुढच्या मुलीकडे वळायच्या. एवढं सोपं. शिवाय आपापसात बोलतानाही बहिरी माणसं मान हलवतच असतात. तिचा अर्थ "बघतोय, बोल पुढे" एवढाच. पटलं, मान्य आहे, असलं काही त्यात नसतं. हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पिल्किंग्टनसाहेब होते तोवर यातलं काही अडलं नाही. ते पाद्री, ऐकू येणारे, पण आईबाप दोघे बहिरे. त्यांच्या हातांना आईच्या दुधाबरोबरच बोलता आलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी या माणसांची लग्नं लावली, पोरं बाप्तिस्म्याला धरली, म्हातारे पुरले. एका हिवाळ्यात तेच गेले. त्यांच्या जागी यायला कोणी नव्हतं. ज्याला हात येतात असा पाद्रीच आता कुठे तयार होत नव्हता. सव्वा वर्ष जोनेच प्रार्थना चालवल्या. छपरातून पाणी गळू लागलं, तेव्हा नेलीने बादली आणून ठेवली आणि म्हणाली, "बाप्तिस्म्याची सोय झाली."

त्या मार्चमध्ये निरोप आला की आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या खालोखालचे अधिकारी, थॉर्नलीसाहेब स्वतः येऊन लोकांशी बोलणार आहेत. डॉरीन तेव्हा लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची, किराणा दुकानात काम करायची. ती आईकडे आली, आणि स्वयंपाकघरातच हातांनी बोलणं सुरू झालं.

"आई, रविवारी मी येते."

"कशाला? मी आहे ना."

"तू गिरणीतल्या बायका वाचतेस. हे दक्षिणेकडचे आहेत, वरचा ओठ हलवत नाहीत. शिवाय मिशा आहेत म्हणे."

"मिशांतून वाचलंय मी. तुझ्या बापाच्या होत्या."

"आई, गंमत करू नकोस. मोठं काही बोलायचं असेल त्यांना."

विनीने बटाटा सोलायचा थांबवला. "तू सात वर्षांची होतीस, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या पिशवीबद्दल काय सांगितलं ते तू मला सांगितलंस. सात वर्षांची. मी बघितलं होतं तेव्हा तुझ्या तोंडाकडे. पुरे झालं आता. तू लेकरांना घेऊन सासूकडे जेवायला जा."

डॉरीन गेली. विनीच्या त्या नाहीमध्ये माया किती आणि तोरा किती हे देवालाच ठाऊक. विनीलाही नक्की सांगता आलं नसतं.

रविवार आला. थॉर्नलीसाहेब भले गृहस्थ होते, हे आधीच सांगायला हवं. लबाडी त्यांच्या पोटात नव्हती. हातांचं प्रवचनपीठ त्यांना दाखवलं तेव्हा ते नम्रपणे नको म्हणाले, मी त्या जागेचा मानकरी नाही अशा अर्थी छातीवर हात ठेवला, आणि लोकांच्या जवळ म्हणून खाली खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या जागी कोणी कधी उभं राहत नसे. लहान पोरांनाही माहीत होतं की खिडकीखाली उभ्या माणसाचं तोंड काळं होतं. पाठीमागे मार्चचं पांढरं आभाळ, आणि समोर साहेबांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार, त्यात मिशा.

विनीने उठून म्हणायला हवं होतं, साहेब, जरा तिकडे उभे राहा. जो म्हणू शकला असता, नेली म्हणू शकली असती. पण एवढा मोठा माणूस, पहिल्यांदा आलेला, हातात टोपी धरून उभा. त्याला ढकलायचं कसं?

साहेब बोलू लागले. विनी पुढे झुकली, डोळे बारीक केले. छप्पर, हे तिला सापडलं, कारण त्यांनी वर बोट दाखवलं. मग हिवाळा. मग बराच वेळ काहीच नाही. मग बहुतेक "तुम्हा सगळ्यांना". मग ते हातातल्या कागदाकडे बघून बोलू लागले, आणि तोंडही गेलं.

नेलीने पाठीत बोट खुपसलं. विनी वळली.

"काय म्हणतोय?"

"छपराचं."

"छपराचं काय?"

"थांब ना! बोलतायत अजून."

साहेबांनी कागदाची घडी केली, मान वर केली आणि थांबले. ते थांबणं विनीने जन्मभर बघितलं होतं. डॉक्टर थांबतात, बँकेतला कारकून थांबतो, भुवया किंचित वर, ओठांवर धीराचं हसू. त्या चेहऱ्याला एकच उत्तर असतं. विनीने मान हलवली.

तिच्या मागे जोने हलवली. नेलीने हलवली. मग एका बाकामागून दुसरं बाक, अगदी शेवटच्या म्हातारीपर्यंत सगळ्या माना हलल्या. साहेबांनी पुन्हा काहीतरी विचारलं, बहुधा नक्की ना असं. पुन्हा सगळ्या माना हलल्या.

लोकांनी विनीला घेरलं. सगळे हात एकदम विचारू लागले. आणि विनीला, जिला मागखात्याच्या दुसऱ्या टोकाची कुजबुज दिसायची, मला काही कळलं नाही एवढं म्हणता आलं नाही. ती म्हणाली, "छपराचं बघतायत ते. चांगलं आहे."

आनंदाने लोकांनी पाय आपटले, त्यांची रीतच ती. सगळी लाकडी जमीन दणाणली. थॉर्नलीसाहेबांना गहिवरून आलं. त्यांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला, शेवटच्या म्हातारीचा तर दोन्ही हातांनी, आणि डोळे पुसत गाडीत बसले.

जूनमध्ये डॉरीनच्या दुकानात एक बाई चहापत्ती घेताना म्हणाली, "तुमच्या आईचं चर्च गालिचेवाल्याने घेतलं म्हणे. बरं झालं बाई, आम्हाला गालिच्यासाठी आता मँचेस्टरला जायला नको." डॉरीन गल्ल्यावरून उठली ती तशीच, ॲप्रन घालून आईच्या घरी आली.

आई ओट्यापाशी, बाप पायताण ठोकत बसलेला. तिने जमिनीवर पाय आपटला. दोघांनी वर बघितलं आणि तिने सांगितलं.

"नाही," विनी म्हणाली. "छपराचं बोलले ते."

"छपराचंच बोलले असतील, आई. दुरुस्त होण्यासारखं नाही, असं बोलले असतील."

"मी समोर होते."

"तुला कळलं होतं का?" डॉरीनने विचारलं. मग पुन्हा, सावकाश, "आई, कळलं होतं का?"

विनीचे हात ओल्या फडक्यात तसेच राहिले. जोने हातोडी खाली ठेवली. "तू तर चांगलं आहे म्हणालीस," तो म्हणाला. बास, एवढंच. त्या विषयावर तो पुढे तिला काही बोलला नाही, आणि विनीला वाटायचं, बोलला असता तर बरं झालं असतं.

तिघे थॉर्नलीसाहेबांच्या कचेरीत गेले. साहेबांनी चहा मागवला, खुर्च्या स्वतः ओढून दिल्या. डॉरीन मध्ये बसली, एका कानाने घ्यायची आणि दोन्ही हातांनी द्यायची. साहेबांना खरोखर धक्का बसला होता.

"पण मिसेस कर्शॉ, मी विचारलं होतं. दोनदा विचारलं. तुम्हीच सगळ्यांत आधी मान हलवलीत."

"आम्ही हलवतो," विनी म्हणाली. "मान आम्ही हलवतोच, साहेब. त्याचा अर्थ तुमच्याकडे बघतोय एवढाच."

"मग कळलं नाही असं का नाही म्हणालात?"

डॉरीनने हे आईला सांगितलं. विनी म्हणाली, "कधी म्हटलं नाही. सवय नाही."

"आणि त्या सगळ्यांनी पाय आपटले, त्याचं काय?"

यावर जो हसला. वाईट हसू होतं ते. "मुली, त्यांना सांग, आम्ही नवीन छपरासाठी नाचलो."

साहेबांनी डोळ्यांवर हात ठेवला. ते म्हणाले की व्यवहार झाला आहे, सह्या झाल्या आहेत, आता त्यांच्या हातात नाही. गावच्या थोरल्या चर्चमध्ये बाजूचं छोटं प्रार्थनाघर दर रविवारी तीन वाजता तुमचंच, कायमचं, हा माझा शब्द.

थोरलं चर्च पाचशे वर्षांचं होतं, आणि बघायला येणारे लोक त्याची तारीफ करत. दगडी खांब म्हणजे दोघांनी कवेत घ्यावेत असे. जमीन दगडाची, तिच्यावर पाय आपटला तर आपलीच टाच दुखायची, शेजारच्यालासुद्धा पत्ता नाही. खिडक्यांत निळे-तांबडे संत इतके दाटीने उभे, की दुपारी तीनलाही हात जांभळे दिसत. एका तरुण पाद्र्याला तिथे नेमलं होतं. त्याने एका तक्त्यावरून बोटांची अक्षरं पाठ केली होती, आणि प्रत्येक शब्द तो एकेक अक्षर जुळवून दाखवायचा. शेवटचं अक्षर येईपर्यंत पहिलं विसरायला व्हायचं.

"याने 'स्वर्ग' लिहीपर्यंत मी तिथे पोचेन," नेली म्हणाली. आणि पुढच्या ईस्टरच्या आत नेली खरंच गेली. तिच्या दफनाच्या वेळी त्या बिचाऱ्याने तिचं आडनाव चुकवलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि सगळे खाली बघत राहिले.

लोक गळत गेले. कोणाला खांबाआड बसावं लागायचं, कोणाला अंधारात दिसायचं नाही, कोणी म्हणायचं बस मिळत नाही. चहाची सोय नव्हती, त्यामुळे प्रार्थना संपली की थंडीत बाहेर. विनीला कोणी एक वावगा शब्द बोललं नाही. एवढंच झालं, की पूर्वी कोणी तोंडाने काही सांगू लागलं की चाळीसजणांचे डोळे तिच्याकडे वळायचे, ते आता वळेनात. लोक भिंतीकडे बघायचे, आपल्या बुटांकडे बघायचे. डॉरीन आलेली असली तर डॉरीनकडे बघायचे. ज्यांचं सगळं जगणं डोळ्यांवर, त्यांनी डोळे काढून घेतले की माणसाचं काय उरतं, हे ऐकणाऱ्यांना सांगून समजायचं नाही.

आणि घरीही तेच. जो कधी तिच्यावर हात उगारणारा नव्हता, आता तिच्याशी बोलायला हात उचलणाराही राहिला नाही. जेवताना नजर ताटात, ठोकताना नजर पायताणात. बहिऱ्या नवरा-बायकोचं भांडण फार सोपं असतं. एकाने दुसऱ्याकडे बघायचं नाही, की संपलं. विनी मीठ लागतंय का विचारायची, त्याच्या ताटाजवळ हात नेऊन. तो मीठ घ्यायचा. तिचा हात दिसल्याची खूण तेवढीच. गॅसवाला आला तरी तो आता डॉरीनलाच बोलावून आणायचा.

मिरवणुकीला दोन वर्षं ते गेलेच नाहीत. पिल्किंग्टनसाहेबांनी दिलेला मिरवणुकीचा झेंडा पलंगाखाली गुंडाळून होता.

विनी देवावर रुसली मात्र नाही. रोज पहाटे चहाचं आधण ठेवलं की ती ओट्यापाशी उभी राहून हातांनी प्रार्थना म्हणायची, आणि शेवटी आपलं एक मागणं मागायची. चर्च परत दे असं तिने कधी मागितलं नाही. ते आता गालिच्यांनी भरलेलं होतं आणि देवाला अवघड कामं सांगू नयेत एवढी समज तिला होती. ती म्हणायची, "पुन्हा एकदा विचार. त्यांना पुन्हा एकदा मला विचारायला पाठव. या वेळी मी नीट सांगेन." तीन हिवाळे तिने हेच मागितलं.

आणि देवाने दिलं. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत, एका शनिवारी दुपारी थॉर्नलीसाहेब घरी आले. आधी निरोप पाठवून डॉरीनला हजर राहायला सांगितलं होतं. आल्याबरोबर त्यांनी खोलीत नजर फिरवली आणि आपली खुर्ची उचलून अशी ठेवली, की खिडकीचा उजेड त्यांच्या तोंडावर पडेल. मिशा काढून टाकल्या होत्या. विनीने ते बघितलं. शिकले होते ते. आपल्यासाठी शिकून आले होते.

ते सावकाश बोलले. दर वाक्याला थांबले, डॉरीनचे हात पुरे होईपर्यंत. तीनच्या प्रार्थनेला आता जेमतेम आठ-नऊ माणसं येतात. त्या तरुण पाद्र्याची बदली होतेय. तेवढ्यांसाठी ते प्रार्थनाघर उबदार ठेवणं जमत नाही. तुम्ही सकाळी दहाला सगळ्यांबरोबर यावं, पुढची दोन बाकं तुमच्यासाठी राखून ठेवू, असा विचार आहे. "मिसेस कर्शॉ," ते म्हणाले, "मागच्या वेळी माझ्याकडून फार मोठी चूक झाली. म्हणून या वेळी मी आधी तुमच्याकडे आलो. तुम्हाला काय वाटतं?"

जोने पायताण खाली ठेवलं होतं. तो विनीच्या हातांकडे बघत होता.

विनी उठून उभी राहिली. तिने ॲप्रनला हात पुसले. आणि म्हणाली, "नाही."

मग तिने सगळं सांगितलं. दहाला आम्ही त्यांच्यात बसू, ते उभे राहिले की उभे राहू, बसले की बसू, मेंढरांसारखे. देवाशी बोलायचं तर आधी एकमेकांचे हात दिसावे लागतात. आठ असोत, दोन असोत. आम्हाला उबदार नको. कोट घालून बसू. पण ती एक वेळ आमची राहू द्या. ती गेली की ऑल्डनशॉमध्ये आमच्यासारख्याला हात खिशाबाहेर काढायला जागा नाही. आमच्या पोटी कोणी बहिरं पोर आलं, तर त्याला दाखवायला मोठं बहिरं माणूस कुठे असतं तेही आम्हाला सांगता येणार नाही. नाही साहेब. माझं नाही आहे. माझ्या नवऱ्याचं नाही आहे. या वेळी मी मान हलवत नाहीये, नीट बघून घ्या.

डॉरीनचा आवाज मध्येच फाटला, तरी तिने एक शब्द गाळला नाही. साहेब ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले. विनी बोलत असताना ते सारखी मान हलवत होते, हळू, मनापासून, प्रत्येक वाक्याला.

"समजलं मला," ते म्हणाले. "सगळं समजलं. तुम्ही हे मला सांगितलंत याबद्दल मी ऋणी आहे."

त्यांनी चहा संपवला, जोचा हात हातात घेतला. डॉरीन त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. विनी खुर्चीवर बसली; तिचा चेहरा गिरणीतल्या दिवसांसारखा उजळला होता. तिने जोकडे बघितलं, आणि जोने नजर काढून घेतली नाही.

डॉरीन परत आली. दाराशीच उभी राहिली.

"काय म्हणाले?" विनीने विचारलं.

डॉरीनचे हात वर आले आणि खाली गेले.

"सांग. तू सातव्या वर्षी सांगितलंस, आता सांग."

"पुढच्या रविवारपासून बंद," डॉरीन म्हणाली. "चर्चच्या दारावर सूचना गुरुवारीच लागली आहे. तुमच्या आईला वाईट वाटू नये म्हणून समोर सांगितलं नाही, असं म्हणाले."

डॉरीनने कप गोळा केले आणि ती मागे धुवायला गेली, कारण तिथे तिला रडता येत होतं. आईबापांना काही ऐकू जाणार नव्हतं.

"म्हणजे तेव्हाही आधीच ठरलं होतं," जो म्हणाला.

"हो. तेव्हाही."

"तू नाही म्हणाली असतीस तरी."

"तरी."

जो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. तीन वर्षांत त्याने एवढं बघितलं नव्हतं. "मग मी उगाचच," त्याने हात सुरू केले आणि अर्ध्यात सोडले.

"माझी चूक होती तोवर बरं होतं रे," विनी म्हणाली. "तोवर मला वाटायचं, आपल्याला कोणीतरी विचारलं होतं."

जोने आपली खुर्ची उचलली, तिच्या समोर आणून ठेवली आणि बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. "बोल," तो म्हणाला.

विनीने त्याच्याकडे बघितलं. तिचे हात मांडीवर पडून होते. तिने ते उचलले नाहीत, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही.